विश्लेषण: फ्युचर्समध्ये उतरण्याआधी ट्रेडिंग प्लॅटफॉर्म कसा निवडायचा?

मोबाइलवर अ‍ॅप डाउनलोड करायचं, आधार-पॅन जोडायचं आणि एक-दोन दिवसांत डिमॅट खातं सुरू. शेअर बाजारात शिरणं आज इतकं सोपं झालं आहे. पण साधा शेअर विकत घेणं आणि फ्युचर्सचा सौदा करणं यात मोठा फरक आहे. शेअरच्या खरेदीत चालून जाणारं अ‍ॅप फ्युचर्समध्ये महागात पडू शकतं. म्हणून प्लॅटफॉर्म निवडताना नेमकं काय पाहायचं?

फ्युचर्समध्ये प्लॅटफॉर्मला इतकं महत्त्व का?

फ्युचर्समध्ये पूर्ण रक्कम न भरता ठरावीक मार्जिनवर मोठा सौदा करता येतो. 'सेबी'ने नोव्हेंबर 2024 पासून निर्देशांकाच्या नव्या करारांचं किमान मूल्य 15 लाख रुपये केलं. म्हणजे निर्देशांक 1 टक्का विरुद्ध गेला, तर एका लॉटवर साधारण 15 हजार रुपयांचा तोटा. हा तोटा त्याच दिवशीच्या हिशेबात खात्यातून वजा होतो. त्यामुळे बाजार कोसळत असताना अ‍ॅप दहा मिनिटं बंद पडलं, तर त्याची किंमत थेट रुपयांत मोजावी लागते.

20 रुपये ब्रोकरेज म्हणजे स्वस्त?

अनेक डिस्काउंट ब्रोकर प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये आकारतात. खरेदी आणि विक्री मिळून 40 रुपये. पण खर्च तिथे संपत नाही. रोखे व्यवहार कर, एक्सचेंजचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी वेगळा. ऑक्टोबर 2024 मध्ये फ्युचर्सच्या विक्रीवरील रोखे व्यवहार कर 0.0125 वरून 0.02 टक्के करण्यात आला. तो दर धरला, तरी 15 लाखांच्या सौद्यावर एकट्या कराचे 300 रुपये होतात. असे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ताजा दर पाहावा. मुद्दा इतकाच, की हा कर सगळ्याच ब्रोकरकडे सारखा असतो. तेव्हा केवळ ब्रोकरेजमधल्या पाच-दहा रुपयांच्या फरकावरून प्लॅटफॉर्म निवडण्यात अर्थ नाही.

अ‍ॅप बंद पडलं तर?

24 फेब्रुवारी 2021 रोजी तांत्रिक बिघाडामुळे 'एनएसई'चे व्यवहार सकाळी 11.40 च्या सुमारास थांबले आणि दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाले. म्हणजे बिघाड एक्सचेंजमध्येही होऊ शकतो, फक्त ब्रोकरकडे नाही.

ब्रोकरची यंत्रणा ठप्प झाल्यास ग्राहकांना खुले सौदे बंद करता यावेत, यासाठी ऑक्टोबर 2023 मध्ये 'इन्व्हेस्टर रिस्क रिडक्शन अ‍ॅक्सेस' ही सुविधा सुरू झाली. तिच्यातून नवा सौदा करता येत नाही, असलेला बंद करता येतो. तरीही ब्रोकरकडे फोनवरून ऑर्डर देण्याची सोय आहे का, त्यासाठी किती शुल्क लागतं आणि अ‍ॅप अडकल्यास वेबसाइट चालते का, हे आधीच तपासून ठेवलेलं बरं.

स्टॉपलॉस लावला की निर्धास्त?

नाही. समजा, 1,000 रुपयांना घेतलेल्या फ्युचर्सवर 980 ला ट्रिगर आणि 978 ला विक्रीची मर्यादा लावली. एखादी बातमी आली आणि भाव 981 वरून थेट 970 वर गेला, तर 978 ला घेणारा कुणी नसल्यानं ऑर्डर तशीच पडून राहते. त्यामुळे प्लॅटफॉर्मवर कोणत्या प्रकारच्या ऑर्डर मिळतात, उघडी ऑर्डर किती झटपट बदलता येते, मार्जिन कमी पडल्यास सूचना कधी येते आणि इंट्राडे सौदा ब्रोकर स्वतःहून किती वाजता बंद करतो, हे माहीत हवं. अनेक ब्रोकर अशा आपोआप बंद केलेल्या सौद्यावर वेगळं शुल्कही लावतात.

खरा प्लॅटफॉर्म कसा ओळखायचा?

सप्टेंबर 2021 पासून इंट्राडे सौद्यांसाठीही पूर्ण मार्जिन आधीच भरावं लागतं. त्यामुळे 'थोड्या पैशांत पन्नासपट फ्युचर्स' असं कुणी टेलिग्रामवर सांगत असेल, तर ते डब्बा ट्रेडिंग किंवा सरळ फसवणूक समजावी. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक 'सेबी'च्या संकेतस्थळावर तपासता येतो. कोणत्या ब्रोकरविरुद्ध किती तक्रारी आल्या, ही माहिती 'एनएसई'च्या संकेतस्थळावर असते. पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले, तर तिथेच थांबावं.

सुरुवात कशी करावी?

आधी लहान रकमेचे शेअर घेऊन-विकून अ‍ॅप वापरून पाहावं. विशेषतः सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा आणि मोठ्या उलाढालीच्या दिवशी ते कसं चालतं, हे पाहावं. दिवसअखेर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट वाचून प्रत्यक्ष खर्च किती झाला, ते मोजावं.

आणि एक आकडा लक्षात ठेवावा. 'सेबी'च्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. चांगला प्लॅटफॉर्म ऑर्डर वेळेवर पोहोचवतो, खर्च स्पष्ट दाखवतो. सौदा करावा की नाही, हा निर्णय मात्र तो घेऊ शकत नाही.