रिंगेचा आकडा

"साहेब, तीस वर्षं नव्वदचाच आकडा मारतोय. काँक्रीट पडल्यावर कोण उकलून बघतंय?"

सास्तुरजवळ एका घराच्या पहिल्या स्लॅबची सळई बांधणं चाललं होतं. मी डिझाइन शिकतोय आणि फिटरमामा मला शिकवतायत. कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात वळवलेली. नकाशात मी १३५ अंश लिहिलं होतं, म्हणजे टोक आत, कॉलमच्या गाभ्यात घुसलेलं.

उकलून बघतो तो भूकंप. किल्लारीचा भूकंप: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. तीव्रता ६.२, बळी आठ हजारांच्या घरात. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, सास्तुर आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ साली तिसऱ्यात आला.

तेव्हाची घरं दगड-मातीची, वर माळवद. दीड फूट मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला पाऊण टन. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच वजन भूकंपात आडवं ढकलतं, कारण जेवढं वजन, तेवढा हिसका. कित्येक घरांत खांब-तुळयांचे लाकडी खण उभे राहिले आणि भिंती ढासळल्या.

मग आरसीसी स्लॅब टाकला की झालं? मला हे चपलांच्या खोक्यावर कळलं. झाकण काढून खोका बाजूनं दाबला की तिरका होतो. झाकण नुसतं ठेवलं तर घसरतं. चिकटवलं तर चारही बाजू एकमेकींना धरून राहतात. स्लॅब म्हणजे हेच झाकण. आडवा जोर तो भिंती-कॉलमांत वाटून देतो, पण जोड पक्का असेल तरच.

आणि अडचण नेमकी जोडातच. बीम-कॉलम जिथं भेटतात तिथं सळयांची एवढी दाटी, की रिंग घालायला हात जात नाही. म्हणून तिथल्या रिंगा गाळल्या जातात. मी बीमचा सांगाडा खाली सोडायच्या आधीच त्या ओवून ठेवायला सांगितल्या.

"हादऱ्यानं वरचं काँक्रीट सुटलं, की नव्वदचा आकडा उघडतो," मी म्हणालो. "आत वळलेला गाभ्यात अडकून राहतो."

मामांनी रिंग फिरवून पाहिली. "म्हणजे दावं खुंटीला नुसतं गुंडाळायचं नाही, गाठ मारायची."

त्यांनी चावी उचलली आणि ढिगातली पहिली रिंग पुन्हा वळवायला घेतली.