टोपीवरचे खोटे नाव

पुण्याहून परतताना आम्ही कापूरहोळला, भोर फाट्यावर चहाला थांबलो. रस्त्याकडेला गरम टोप्यांची हातगाडी होती. धाकट्याने एका महागड्या परदेशी कंपनीचे नाव विणलेली टोपी उचलली. "असली लोकर, फक्त २०० रुपये!" आम्ही घेतली.

घरी टोपीचा सुटलेला धागा काडीने पेटवला. तो वितळून त्याची कडक गुठळी झाली. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. म्हणजे टोपी अ‍ॅक्रिलिकसारख्या कृत्रिम धाग्याची!

अ‍ॅक्रिलिकही ऊब देते. ते स्वस्तात विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते खोटे नाव. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याने असा माल बनवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

धान्याच्या ढिगात ओल लागली तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) ओला माल वर ठेवायला सांगितले होते, गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. पण आम्ही तरी कुठे फसलो होतो? २०० रुपयांत असली मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. हवे होते ते नावच.

धाकट्याने विचारले, "अब्बा, नाव उसवू या?"

उसवले. टोपी तो रोज घालतो.