टपालातील रोगचिकित्सा

ज्या सुमारास, म्हणजे 1773 साली, नेवाशास चंद्रचूड दिवाणांनी बांधविलेले मोहिनीराजाचे देवालय आकारास येत होते, त्याच सुमारास एडिंबरा येथील डॉक्टर विल्यम कलेन, ज्यांचे मुखही कधी पाहिले नाही अशा कित्येक रुग्णांवर केवळ पत्रांच्या आधारे उपचार करीत असत. रुग्णाने अथवा त्याच्या वैद्याने निद्रा, क्षुधा, मलप्रवृत्ती यांची तपशीलवार हकीकत लिहावी आणि कलेनसाहेबांनी पथ्य, व्यायाम व औषधी लिहून धाडाव्या, असा शिरस्ता होता. स्टेथोस्कोप 1816 साली आला; तत्पूर्वी निदानाचा भार बव्हंशी रुग्णाच्या कथनावरच असे. आमच्या नाडीपरीक्षक वैद्यांना मात्र हे रुचले नसते! 1781 पासून कलेन यांनी जेम्स वॉटचे नक्कलयंत्र वापरले, म्हणून त्यांच्या उत्तरांच्या नकला एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या दप्तरी आजही आहेत.