दोन जलीय प्रावस्थांमधून पेशीपटलांचे विलगीकरण

पेशीतील घटक परस्परांपासून वेगळे करण्यासाठी प्रामुख्याने अपकेंद्रणाचा अवलंब केला जातो. ही पद्धती आकारमान व घनता यांवर अवलंबून असल्याने, ज्या कणांचे हे दोन्ही गुणधर्म सारखे असतात त्यांच्यापुढे ती असमर्थ ठरते. पाणी व कार्बनी द्रावक यांतील विभाजनाचा रसायनशास्त्राचा जुना मार्गही येथे बंद असतो. अशा द्रावकात पेशीपटल टिकत नाही. ही अडचण स्वीडनमधील पेर-ओके आल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात दूर केली.

दोन भिन्न बहुवारिके पाण्यात विरघळवली असता विशिष्ट संहतीनंतर द्रावण आपोआप दोन थरांत विभागले जाते. बायरिंक यांनी १८९६ मध्येच जिलेटिन व अगार यांच्याबाबत ही घटना नोंदवली होती. तिचे मोल कळण्यास मात्र सुमारे साठ वर्षे जावी लागली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल व डेक्स्ट्रान ही सर्वांत प्रचलित जोडी असून पहिल्याचे प्राबल्य वरच्या, तर दुसऱ्याचे खालच्या थरात असते. दोन्ही थर बव्हंशी पाण्याचेच असतात व त्यांमधील आंतरपृष्ठीय ताण अत्यल्प असतो. त्यामुळे नाजूक पटलांना इजा पोहोचत नाही.

कण कोणत्या थरात जाईल हे मुख्यतः त्याचा पृष्ठभाग ठरवतो. फॉस्फेट आयनांचा कल खालच्या थराकडे असल्याने वरचा थर किंचित धनप्रभारित होतो व ऋणप्रभारित पेशी तिकडे ओढल्या जातात.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य हरितलवकांच्या अभ्यासात दिसून आले. थायलाकॉइड पटले दाबाखाली फोडली असता काही पुटिका उलट्या, म्हणजे आतील बाजू बाहेर आलेल्या, बनतात. सुलट्या पुटिकांपासून त्यांना केवळ आकारावरून वेगळे करणे कठीण. परंतु या प्रणालीत सुलट्या वर व उलट्या खाली जातात. लुंड येथील संशोधकांनी अशा प्रकारे मिळवलेल्या उलट्या पुटिकांमुळे एरवी पटलाच्या आत दडलेला पृष्ठभाग प्रथमच थेट अभ्यासता आला. क्षारद्रावणाने धुतल्यावर त्यांची ऑक्सिजननिर्मिती मंदावते, आणि धुऊन निघालेले सुमारे २३ किलोडाल्टनचे प्रथिन पुन्हा मिसळल्यास ती बऱ्याच अंशी पूर्ववत होते, असे १९८० च्या दशकाच्या आरंभी दिसून आले.

वनस्पतींचे पेशीपटल शुद्ध करण्यासाठी दोन्ही बहुवारिके प्रत्येकी सुमारे ६.५ टक्के घेण्याचा प्रघात आहे. तथापि ऊतक बदलले की हे प्रमाण व क्षारांची संहती पुन्हा चाचणी घेऊनच ठरवावी लागते. त्यातच शुद्ध डेक्स्ट्रान महाग पडते.