मोर्णेचा गाळ, खेकडा आणि आपल्या गोळ्या

मंडळी, अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, आपण गिळतो तेव्हा ते सगळं अंगात जिरत नाही. अमॉक्सिसिलिनचंच घ्या. निम्म्याहून जास्त भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. तो सांडपाण्याबरोबर अकोल्यात मोर्णेकडे जातो, अमरावतीत पेढीकडे. आणि या दोन्ही नद्या शेवटी पूर्णेलाच मिळतात. 2018 च्या जानेवारीत हजारो अकोलेकर मोर्णेतली जलकुंभी काढायला उतरले होते, आठवत असेल. जलकुंभी निदान दिसते तरी!

मग खेकडे, झिंगे मरतात का? लगेच नाही. 'विषारी पाणी, मेलेले मासे' हे चित्र आधी डोक्यातून काढू या. अशा चाचण्या ज्याच्यावर होतात तो डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, खेकड्याचाच तिळाएवढा दूरचा नातेवाईक. त्याला मारायला बहुतेक प्रतिजैविकं लिटरमागे काही मिलिग्रॅम तरी लागतात. नदीत ती सहसा त्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतात. हैदराबादजवळ पटनचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडलं, हे 2007 साली प्रसिद्ध झालं. पण तो अपवाद.

खरा घोळ पोटात आहे. पाणपिसूच्या आतड्यात जिवाणू असतात. ते काढून टाकले की ती खुरटते, लवकर मरते, पिल्लंही कमी देते. प्रतिजैविक बनवलेलंच जिवाणूंसाठी. ते घरमालकाला सोडून भाडेकरूंना मारतं.

आता आपल्या वऱ्हाडाचं. इथली काळी माती चिकण, आणि टेट्रासायक्लिनसारखी औषधं चिकणमातीला घट्ट धरून बसतात. त्यामुळे पाण्याची बाटली तपासली तर आकडा छोटा येतो. साठा खाली गाळात. चिकटल्यावर औषधाचा जोर कमी होतो हे खरं, पण तो संपत नाही. आणि खेकडा राहतो कुठे? गाळातच. खातो काय? त्यातलाच कुजका पाला न् मेलेले किडे. उन्हाळ्यात नदीची डबकी झाली की तर सुटकाच नाही.

अशा ठिकाणी औषधाला दाद न देणारे जिवाणूच टिकून राहतात, गाळात आणि खेकड्याच्या पोटातही. रस्सा नीट उकळला तर ते मरतात. पण खेकडा साफ करताना हाताला, विळीला जे लागतं त्याचं काय? म्हणून नदी तपासायची तर पाण्याच्या बाटलीसोबत ओंजळभर गाळही न्यायला हवा, आणि तोही एप्रिल-मेमध्ये, पूर येऊन सगळं धुऊन जायच्या आधी.