पुढची स्प्रिंग निवडताना : आधी वजनाचा हिशोब, मग खरेदी

मोटारसायकल पुढून आपटली की दोष रस्त्याचा, असेच आम्ही बरीच वर्षे समजत होतो. माळशेज घाटाने आमची ही समजूत मोडली.

आम्ही दोघे नवरा-बायको. एक कारखान्यात फिटर, दुसरी घरी शिवणकाम करणारी. दूरच्या प्रवासासाठी हप्त्यावर एक मोठी, जुनी मोटारसायकल घेतलेली. ऑगस्टअखेर आळेफाट्याहून कल्याणकडे येत होतो. धुके दाट होते. वळणावर पुढचा ट्रक थांबला म्हणून जोरात ब्रेक लावला. गाडीने नाक खाली घातले आणि त्याच क्षणी चाक खड्ड्यात गेले. खाड्‌कन लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि हँडल हातातून हिसकले. पडलो नाही, एवढेच नशीब. मागे बसणारी खाली उतरली, हेल्मेट काढले आणि म्हणाली, "यापुढे घाटात मी एसटीने येईन. तुम्ही या तुमच्या गाडीवरून."

त्या दिवसापासून आमच्या घरात पुढच्या स्प्रिंगांचा अभ्यास सुरू झाला. पैसे थोडे होते, त्यामुळे चुका करायला वाव नव्हता. तरी दोन चुका केल्याच. त्या इतरांनी करू नयेत म्हणून हे लिहीत आहोत.

गाडी दोन कामांची, स्प्रिंग एका अंदाजाची

वळणे चपळाईने घ्यावीत आणि जोडीदार, सामान घेऊन दूरही जावे, अशा दोन्ही कामांसाठी बांधलेल्या गाडीला स्पोर्ट टूरर म्हणतात. बीएमडब्ल्यूची १९७६ सालची आर १०० आरएस ही या प्रकारातली सुरुवातीची गाजलेली गाडी. आपल्याकडे २००३ मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आली. चाकणला तयार होणारी बजाजची डॉमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये आली. अशा कोणत्याही गाडीची स्प्रिंग कारखाना एका सरासरी माणसाचा अंदाज धरून बसवतो. चालवणारा ५५ किलोचा असेल की ९० किलोचा, मागे कोणी बसेल की नाही, हे कारखान्याला कसे कळणार? ते आपणच पाहायचे असते.

पुढच्या फोर्कला गॅरेजात शॉकअप म्हणतात. त्याच्या दोन नळ्यांत दोन वेगळी कामे चालतात. स्प्रिंग वजन पेलते. तेल बारीक भोकांतून जाताना स्प्रिंगची उसळी आवरते. स्प्रिंगचे काम तेलाला सांगून भागत नाही आणि तेलाचे स्प्रिंगला सांगून भागत नाही. आमच्या दोन्ही चुका हे न कळल्यामुळेच झाल्या.

पहिली चूक : जाड तेल

गॅरेजचे मेस्त्री म्हणाले, "भाऊ, तेल जाड टाकतो, सगळं जागेवर बसेल." टाकले. गाडीचे नाक खाली जायचे थांबले नाही, फक्त सावकाश जाऊ लागले. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की फोर्क शेवटी तेवढाच दबायचा. उलट लहान खड्ड्यांत चाकाला पटकन वर सरकता येईना. सगळे धक्के मनगटात येऊ लागले.

दुसरी चूक : नळीचा तुकडा

मग स्प्रिंगच्या डोक्यावर २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवला. स्प्रिंग आधीच जास्त दाबली गेली आणि गाडी पुढून वर उभी राहिली. आम्ही खूश झालो. पण स्प्रिंग आधी दाबून बसवली म्हणून तिचा कडकपणा वाढत नाही, फक्त तिचे काम वेगळ्या जागेवरून सुरू होते. तळाला आपटणे कमी झाले, पण ब्रेक लावल्यावर नाक पूर्वीइतकेच खाली जायचे. आणि उंचवट्यावरून उतरताना फोर्क पूर्ण ताणला जाऊन वरच्या बाजूला टक्‌कन वाजू लागला.

मोजमाप कसे केले

शेवटी अंदाज सोडले आणि टेप घेतला. पुढचे चाक जमिनीपासून उचलले, म्हणजे फोर्क पूर्ण ताणला जातो. चकचकीत नळीची उघडी लांबी मोजली. मग गाडी चाकांवर सरळ उभी करून पुन्हा मोजली. शेवटी चालवणारा हेल्मेट, जाकिटासह नेहमीसारखा बसला, एकाने मागून गाडी धरली, एकाने टेप धरला. पहिल्या लांबीतून ही लांबी वजा केली की गाडी वजनाने किती बसली ते कळते. इंग्रजीत तिला सॅग म्हणतात, आम्ही घरात बसकण म्हणतो. रबरी सीलच्या घर्षणाने फसगत होते. म्हणून एकदा हँडल उचलून हळू सोडून मोजायचे, एकदा दाबून सोडून मोजायचे आणि दोन्हींची सरासरी धरायची.

आमच्या फोर्कचा एकूण प्रवास १३० मिलिमीटर. तेलाने बसकण बदलत नाही, पण पाइपच्या तुकड्याने बदलते. म्हणून तुकडा काढून मोजले. चालवणारा बसल्यावर बसकण ५३ निघाली. रस्त्यावरच्या गाडीला पुढे साधारण ३० ते ४० मिलिमीटर, म्हणजे प्रवासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, ठीक मानतात. आम्ही बसल्या जागीच जवळजवळ निम्मा प्रवास खर्च करत होतो!

स्प्रिंगचा कडकपणा कळायला ती लेथच्या दुकानात नेली. वाकून निसटू नये म्हणून तिच्यात सळई घातली, खाली वजनकाटा ठेवला आणि ड्रिल मशीनच्या दांड्याने दाबली. १० मिलिमीटर दाबल्यावर काटा ७ किलो वाढला. आणखी १० दाबल्यावर आणखी ७. म्हणजे मिलिमीटरला ०.७० किलो. दोन नळ्यांत दोन स्प्रिंगा, म्हणून दोन्ही मिळून १.४० किलो.

आता घाटाचा हिशोब पाहा. समजा, जोरात ब्रेक लावल्यावर पुढे १०० किलो जास्तीचा भार आला. १०० ला १.४० ने भागले की ७१ मिलिमीटर. आधीचे ५३ मिळवले की १२४. आतल्या हवेचा थोडा आधार सोडला, तर खड्ड्यासाठी उरले फक्त ६ मिलिमीटर. खाड्‌कन आवाज कशाने आला, ते त्या कागदावर आम्हाला दिसले.

हेच ०.९० किलोच्या स्प्रिंगा धरून मांडले. दोन्ही मिळून १.८० किलो. योग्य लांबीचा तुकडा ठेवून बसकण ३७ येते, ब्रेकचे ५६, बेरीज ९३. खड्ड्यासाठी उरतात ३७ मिलिमीटर. जुन्या स्प्रिंगेवर पाइपचा तुकडा ठेवून बसकण ३३ आली होती, म्हणजे तीही बरोबरच दिसत होती. पण ब्रेकचे ७१ कायमच राहिले आणि खड्ड्यासाठी उरले २६. म्हणून बसकण एकटीच पाहून फसू नये. रिकाम्या गाडीचीही बसकण मोजावी. माणूस बसल्यावर आकडा बरोबर येतो, पण रिकामी गाडी जेमतेम दहा-बारा मिलिमीटर बसते, असे असेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि नुसती दाबून वर धरली आहे, असे समजावे.

तयार घ्यावी की वळून घ्यावी?

स्वीडनची ओहलिन्स, हॉलंडची हायपरप्रो, अमेरिकेची रेस टेक अशा कंपन्या तयार स्प्रिंगा विकतात. त्यांत दोन प्रकार असतात. एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या कडकपणाची, दुसरी आधी मऊ आणि दबत जाईल तशी कडक. दुसरी लहान खड्ड्यांत मऊ लागते. पहिलीचे वागणे सरळ असते आणि हिशोबाला ती सोपी, म्हणून आम्ही पहिली ठरवली.

आमच्या गाडीसाठी तयार जोडी मिळाली नाही. एकाने जुनीच कापून देतो म्हटले. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, हे खरे. पण ०.७० ची ०.९० करायला कामाच्या २७ वेढ्यांतले ६ कापावे लागतात. उरलेल्या २१ वेढ्यांना फोर्कचा तेवढाच प्रवास करावा लागतो. प्रत्येक वेढा जास्त दबतो आणि वेढ्याला वेढा भिडायची भीती राहते. ते आम्ही नाकारले.

औद्योगिक वसाहतीत स्प्रिंग वळणारे कारखाने असतात. तिथे जुनी नमुन्याला दिली. तिची तार ४.५ मिलिमीटरची होती, ४.८ ची सांगितली. वेढ्यांची संख्या आणि रुंदी तीच. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणून एवढ्याशा फरकाने कडकपणा २९ टक्के वाढतो आणि ०.७० चे ०.९० होतात. आल्यावर पुन्हा काट्यावर दाबून पाहिल्या. दोन्ही सारख्या निघाल्या, तेव्हाच पैसे दिले.

बसवताना

- नवी स्प्रिंग घेण्याआधी मागचा शॉक, टायरची हवा आणि हँडलचा कोनसेट तपासा. मागे बसणाऱ्याचे बरेचसे वजन मागच्या चाकावर येते. मागचा शॉक कडक केल्यानेच त्रास मिटत असेल, तर खर्च वाचेल.
- फोर्कचे वरचे झाकण स्प्रिंगच्या दाबाखाली असते. पुढचे चाक उचलून फोर्क पूर्ण ताणल्याशिवाय ते उघडू नका. डोळ्यावर उडू शकते.
- दोन्ही नळ्यांत सारख्याच स्प्रिंगा, सारखेच तेल आणि तेलाची उंचीही सारखी. ही उंची स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजतात. तेल जास्त झाले तर सील फुटतात.
- कडक स्प्रिंगची उसळीही जोरदार असते. आम्ही कंपनीच्या १० नंबरऐवजी १५ नंबरचे तेल घातले. स्प्रिंग बरोबर असली की जाड तेल आपल्या कामाला येते.
- फार कडक स्प्रिंग घेऊ नका. चाक खड्ड्यावरून उडते आणि टायर रस्ता सोडतो. माणूस बसल्यावरची बसकण तुकडा काढूनही २५ च्या खाली राहिली, तर स्प्रिंग आपल्याला जड आहे.

सगळे मिळून दोन महिन्यांच्या किराण्याएवढा खर्च आला. तेल आणि तुकड्यावर वाया घालवलेले पैसे यात धरलेले नाहीत.

जानेवारीत आम्ही पुन्हा माळशेज उतरलो. निघण्यापूर्वी पुढच्या नळीवर एक केबल टाय आवळून बांधला होता. फोर्क जितका दबेल तितका तो सरकतो आणि तिथेच राहतो. मागे बसणारी एसटीने आली नाही, पण टोकावड्याला चहासाठी थांबल्यावर आधी टेप तिनेच मागितला. वाकून मोजले आणि म्हणाली, "तीस उरलेत." कागदावरच्या हिशोबापेक्षा सात कमी. रस्ता कागदावर मावत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण सहाच्या जागी तीस आले होते.

मेस्त्रीचा सल्ला जरूर घ्यावा. आम्हीही घेतो. पण गॅरेजात जाण्याआधी घरचा टेप, वजनकाटा आणि एक वही एवढे तरी हाताशी घ्यावे. आपले वजन किती, मागे कोण बसते आणि आपण कोणत्या रस्त्याने जातो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार?