इंग्लंडमधील स्थानिक संस्थांची वेतननिश्चिती

इंग्लंडमधील स्थानिक परिषदांचा सेवकवर्ग हा मध्यवर्ती शासनाच्या सेवेचा भाग नव्हे. लिपिकापासून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येक जण आपापल्या परिषदेचा नोकर असतो. महाराष्ट्रात महापालिकेचा आयुक्त राज्य शासन नेमते. साहजिकच त्याच्या वेतनाचा प्रश्न नगरसेवकांच्या मतावर अवलंबून नसतो. इंग्लंडमध्ये तो असतो.

व्यवहारात बहुसंख्य परिषदा राष्ट्रीय संयुक्त मंडळात मालकपक्ष व कामगार संघटना यांच्यात झालेला करार मान्य करतात. तशी कायद्याची सक्ती मात्र नाही. ह्या करारात वेतनाच्या चढत्या पायऱ्या ठरलेल्या असतात. कोणते पद कोणत्या पायरीवर बसवावयाचे, हे परिषदेने कार्यमूल्यमापन करून, म्हणजे प्रत्येक कामातील कौशल्य, जबाबदारी व श्रम यांना गुण देऊन, स्वतः ठरवावयाचे असते.

वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाटाघाटी निराळ्या समित्यांत होतात. त्यांच्या पगारांवर वृत्तपत्रांची नजर असते, व कायद्याचीही आहे. २०११ च्या स्थानिक स्वायत्तताविषयक कायद्याने परिषदेने प्रतिवर्षी ३१ मार्चपूर्वी आपले वेतनधोरण पूर्ण सभेत मंजूर करावे, आणि सर्वांत कमी वेतनाच्या सेवकांशी वरिष्ठांच्या वेतनाचे नाते त्यात स्पष्ट करावे, असे बंधन घातले. वीसपटीची कमाल मर्यादा घालण्याची कल्पना त्याच वर्षी विल हटन यांच्या अहवालाने नाकारली. प्रमाण जाहीर करणे पुरेसे मानले गेले.

परंतु परिषदांना सर्वांत महाग पडली ती खालच्या पायऱ्यांवरील वेतनरचना. बर्मिंगहॅम हे तिचे ठळक उदाहरण होय. तेथे कचरा उचलणे, रस्ते झाडणे ही प्रामुख्याने पुरुषांची कामे, तर स्वयंपाक, साफसफाई, रुग्ण व वृद्धांची सेवा ही स्त्रियांची. दोहोंची श्रेणी समान असतानाही बोनस मात्र पहिल्यांनाच मिळे. समान वेतनाचा कायदा १९७० चा आणि शारीरिक श्रमाच्या व कार्यालयीन सेवकांना एकाच वेतनरचनेत आणणारा राष्ट्रीय करार १९९७ चा. तरी ही पद्धत रेंगाळत राहिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडून गेलेल्यांनाही दिवाणी न्यायालयात दावा करण्याची वाट मोकळी केली. न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत उलटून गेलेल्यांना आता सहा वर्षांची मुदत मिळाली. दाव्यांचा भार पेलण्यासाठी परिषदेने २०१५ मध्ये आपले राष्ट्रीय प्रदर्शन केंद्र विकले.

रोख बोनस गेला, तरी नेमून दिलेले काम आटोपताच पुऱ्या पगारावर घरी जाण्याची कचरा विभागातील मुभा हा नव्या दाव्यांतील एक प्रमुख मुद्दा ठरला. वेळ हाही वेतनाचाच एक प्रकार आहे, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत सहसा दिसत नाही. २०२३ च्या जूनमध्ये परिषदेने आपले दायित्व ६५ ते ७६ कोटी पौंड असल्याचे सांगितले (हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला) आणि सप्टेंबरमध्ये अत्यावश्यक बाबींखेरीज नवा खर्च थांबविणारी वैधानिक नोटीस काढली. नव्या संगणकीय हिशेबपद्धतीतील गोंधळही ह्या संकटास कारणीभूत होता. २०२४-२५ साठी नागरिकांवरील परिषद-कर ९.९९ टक्क्यांनी वाढविण्यात आला. कामगार संघटनांशी तडजोडीची रूपरेषा ठरली ती डिसेंबर २०२४ मध्ये.